फिश फाइंडर मध्येच बंद पडतो? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

फिश फाइंडर म्हणजे पाण्याची खोली आणि खालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, त्यालाच सोनारही म्हणतात. त्याचा स्क्रीन काळा झाला की पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी बॅटरी येते, चार फेऱ्या बऱ्या जातात आणि पाचव्या फेरीला दारणेच्या मधोमध पुन्हा तेच. दोष बऱ्याचदा बॅटरी आणि स्क्रीनच्या मधल्या दोन-चार मीटरमध्ये असतो. चिमटे, फ्यूजची डबी, पिळून टेप मारलेला जोड, बारीक वायर. तिथे नवी बॅटरी जोडली तरी फरक थोडेच दिवस पडतो.

फिश फाइंडर काही फार करंट खात नाही. ४-५ इंची स्क्रीनचं यंत्र साधारण ०.३ ते ०.८ अँपिअर घेतं, ७ इंची १ अँपिअरच्या आसपास, ९ इंची दीड-दोनपर्यंत. पण व्होल्टेज मात्र त्याला नीट लागतं. बहुतेक यंत्रं १० व्होल्टच्या आसपास आली की स्वतःहून बंद होतात किंवा पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतात. वरची मर्यादा कुणाची १७, कुणाची २० व्होल्ट. ती मॅन्युअलमध्ये पाहून वायरवर मार्करने लिहून ठेवा, पुढे सोलरच्या वेळी उपयोगी पडेल.

बिनलोडचं व्होल्टेज बघून बॅटरी पास करणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावला, १३.१ दाखवलं, म्हणजे बॅटरी ठणठणीत! तसं नसतं. चार्जिंग संपल्यावर काही तास बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलं असतं. चार-पाच तास तशीच ठेवून मग मोजा. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी (यूपीएसमध्ये असते ती) भरलेली असेल तर १२.७ ते १२.८, निम्मी असेल तर १२.२ च्या आसपास, ११.८ म्हणजे रिकामी.

एवढ्यावरही विश्वास ठेवू नका. म्हातारी बॅटरी पडून असताना १२.७ दाखवते आणि लोड टाकला की खाली बसते. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. भरलेल्या ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरीला तो जोडून मीटर लावून ठेवा. पहिल्या दहा मिनिटांतच व्होल्टेज साडेअकराच्या खाली गेलं, तर त्या बॅटरीचा नाद सोडा. नवी बॅटरी १०.५ पर्यंत उतरायला तीन तासांच्या आसपास घेते. दीड तासात उतरली तर क्षमता निम्मी उरली आहे. १०.५ ला बल्ब लगेच काढा आणि बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला लावा, नाहीतर तपासणीतच तिचं आयुष्य घटेल. बल्ब चांगलाच तापतो, प्लास्टिकच्या टबवर ठेवू नका.

बॅटरीवर ७ एएच छापलेलं असतं ते २० तासांच्या हिशेबाने, म्हणजे ०.३५ अँपिअरने २० तास. जास्त ओढलं की मिळणारे एएच कमी होतात. शिवाय लेड-अ‍ॅसिड रोज तळापर्यंत उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून निम्मीच आपली समजायची. मग ०.६ अँपिअरच्या यंत्राला ७ एएचमधून सहा तासांच्या आत-बाहेर मिळतात, १ अँपिअरच्या यंत्राला साडेतीन. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहापर्यंत उतरला की त्यातूनही दहा टक्क्यांच्या आसपास वजा करा.

चिमटे, पिळलेले जोड आणि स्पीकरची वायर

चिमटे चार्जिंगसाठी असतात. होडी हलली, वल्ह्याचा धक्का बसला, की चिमट्याचा दात क्षणभर सुटतो आणि यंत्र रीस्टार्ट होतं. हे लक्षण नीट ओळखा: लाटेबरोबर, उभं राहताना, जाळं ओढताना बंद पडतं आणि लगेच चालू होतं. बॅटरी संपल्यावर असं होत नाही. संपलेल्या बॅटरीवर यंत्र चालू होतं, लोगो दाखवतं आणि पुन्हा मरतं.

७ एएच बॅटरीच्या पत्र्या दोन मापांत येतात, ४.८ मिमी आणि ६.३ मिमी. त्याच मापाचं मादी थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची, पत्रीवर सरकणारी क्लिप) आणा. मोठं थिंबल पक्कडीने दाबून छोट्या पत्रीवर बसवण्याचा उद्योग सगळे करतात आणि महिन्याभरात ते सैल होतं. नाशिकच्या सातपूर-अंबडकडे पॅनलचं सामान विकणाऱ्यांकडे थिंबल आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) सुटे मिळतात. लाल थिंबल दीड स्क्वेअर एमएमपर्यंतच्या वायरला, निळं दीड ते अडीचला. क्रिंपिंग पक्कडीनेच दाबा, मग ओढून बघा. हाताने ओढल्यावर सुटलं तर ते आत्ताच सुटलेलं बरं.

आता वायर. होडीत बॅटरी मागे आणि स्क्रीन पुढे, मध्ये पाच मीटर. करंटला जायचं पाच आणि यायचं पाच, म्हणजे दहा मीटर तांबं. ०.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीचा रोध मीटरमागे ०.०३९ ओहम, दहा मीटरला ०.३९. १ अँपिअरला जवळपास ०.४ व्होल्ट वायरीतच गेले. दीडची वायर टाकली तर हाच तोटा ०.१३ वर येतो. यंत्राबरोबर आलेली वायर आखूड असते, तिला पुढे जोडताना दीडची घ्यायची, हातात आली ती नाही. स्पीकरची लाल-काळी स्वस्त वायर तर नकोच. तिच्यात बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, लाल निघाली तर तांबं.

तोटा नेमका कुठे होतो ते मीटरने पाच मिनिटांत सापडतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, यंत्र चालू करा, ब्राइटनेस पूर्ण. एक काडी बॅटरीच्या प्लस पत्रीवर आणि दुसरी यंत्राच्या प्लगमधल्या प्लसवर. दिसेल तो आकडा म्हणजे प्लसच्या बाजूने गेलेलं व्होल्टेज. ०.१ च्या आत असेल तर ठीक. ०.३ दाखवलं तर दुसरी काडी हळूहळू बॅटरीकडे आणत जा: फ्यूजच्या पुढे, फ्यूजच्या मागे, थिंबलवर. आकडा जिथे एकदम घसरतो, दोष तिथेच. मग मायनसच्या बाजूने हेच. मायनस बहुतेक जण तपासतच नाहीत आणि गंज तिथेही तितकाच धरतो.

करंट मोजायला मीटरची लाल काडी १०ए च्या भोकात घातली असेल तर काम झाल्यावर ती परत व्होल्टच्या भोकात आणा. तशीच ठेवून बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर सरळ शॉर्ट होतो.

गोड्या पाण्यातही तांब्यावर हिरवा थर येतोच, विशेषतः हिवाळ्यातल्या दवाने. सँडपेपरने घासा, कोरडं करा, जोडा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन फासून मग जोडायचं नाही.

फ्यूज: एक तर नसतो, नाहीतर दहाचा असतो

बहुतेक छोट्या यंत्रांना ३ अँपिअरचा फ्यूज सांगितलेला असतो. तो उडाला म्हणून १० चा टाकला की पुढच्या शॉर्टला फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. फ्यूज वारंवार उडत असेल तर कुठेतरी वायर सोलली आहे किंवा प्लगमध्ये पाणी आहे. फ्यूज प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. स्क्रीनजवळ लावलेला फ्यूज अलीकडच्या पाच मीटर वायरीला वाचवत नाही. काचेच्या फ्यूजच्या डबीत स्प्रिंग गंजते. गाडीतला पात्याचा फ्यूज जास्त टिकतो.

फवारणी पंपाची बॅटरी

नाशिक जिल्ह्यात घराघरात असलेली १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाची. बहुतेकांत ८ एएच, काहींत १२. फिश फाइंडरला ती चालते, त्यात गैर काही नाही. अडचण अशी की द्राक्षाच्या हंगामात पंप पाणी मारेनासा होईपर्यंत तिला पिळलेलं असतं आणि मग आठवडाभर तशीच ठेवलेली असते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता परत येत नाही. बल्बची चाचणी केल्याशिवाय ती नावेत घेऊ नका. पंपातल्या रेग्युलेटरच्या पुढून सप्लाय घेऊ नका, थेट बॅटरीच्या पत्रीवरून घ्या. तो रेग्युलेटर मोटरचा वेग कमी-जास्त करण्यासाठी आहे.

ट्रॅक्टरची पाणी ओतायची बॅटरी मात्र छोट्या नावेत नको. कलंडली की अ‍ॅसिड तळाशी, आणि गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं.

मोटर आणि सोनार एकाच बॅटरीवर

ट्रोलिंग मोटर (नाव हळू चालवणारी बॅटरीवरची मोटर) फुल वेगाला ४०-५० अँपिअर ओढते, इंजिनाचा सेल्फ-स्टार्टर शंभराच्या वर. त्या क्षणी व्होल्टेज खाली जातं आणि यंत्र रीस्टार्ट होतं. रीस्टार्ट नाही झालं तरी स्क्रीनवर उभ्या रेघा आणि ठिपक्यांचा पाऊस पडतो, ज्याला कित्येक जण चिलापीचा थवा समजून जाळं टाकतात. ओळखायची खूण सोपी: मोटर बंद केल्यावर मासे गायब होतात का? होत असतील तर सोनारला वेगळी छोटी बॅटरी द्या. ट्रान्सड्यूसरची (पाण्यात आवाजाच्या लहरी सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग) वायर मोटरच्या वायरीला बांधून नेऊ नका, हातभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

त्याच बॅटरीवर मोबाईल चार्ज करणं हीसुद्धा चूक. फोनचा १० वॅटचा चार्जर जवळपास १ अँपिअर घेतो, म्हणजे सोनारएवढाच. स्वस्त चार्जर असेल तर स्क्रीनवर गोंधळही तोच घालतो.

सोलर प्लेट थेट जोडणं

'१२ व्होल्ट'च्या प्लेटचं बिनलोडचं व्होल्टेज उन्हात २१-२२ असतं. ती थेट यंत्राला जोडली की वरची मर्यादा ओलांडते आणि यंत्र जाऊ शकतं. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, आणि आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. काढताना उलट.

लिथियम घेताना

यंत्रासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्ट छापलेली घ्या. १२ एएचची दीड किलोच्या आसपास भरते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. 'लिथियम १२ व्होल्ट' एवढंच लिहिलेला पॅक लॅपटॉपच्या सेलांचा असू शकतो. तीन सेलचा पॅक १२.६ वरून उतरत ९ ला जातो, त्याआधीच यंत्र बंद. चार सेलचा भरल्यावर १६.८ होतो, तो काही यंत्रांच्या मर्यादेला अगदी टेकतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटवर स्क्रीनच्या बॅटरी-चिन्हाकडे बघू नका. ते लेड-अ‍ॅसिडच्या हिशेबाने असतं. या बॅटरीचं व्होल्टेज १३ च्या जवळपास सपाट राहतं, चिन्ह शेवटपर्यंत भरलेलं दिसतं, मग काही मिनिटांत बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) सप्लाय तोडतो. वापराचे तास मोजा, १२.५ दिसलं की किनारा धरा.

बीएमएसने सप्लाय तोडल्यावर मीटर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवतो. बॅटरी मेली असं समजून फेकणारे आहेत. योग्य चार्जर लावला की बहुतेकदा ती परत येते.

चार्जर

गॅरेजमधला ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर व्होल्टेज १६ च्या वर नेतो, छोटी सीलबंद बॅटरी त्यावर रात्रभर ठेवली की फुगते. ७ एएचला करंट २ अँपिअरपेक्षा जास्त नको, व्होल्टेज १४.४ ते १४.७, भरल्यावर १३.५ ते १३.८ वर येणारा चार्जर हवा. लिथियम आयर्न फॉस्फेटला १४.४ ते १४.६ चा, 'रिपेअर' किंवा डिसल्फेशन (सल्फेट काढायचा) मोड नसलेला.

बॅटरीचा दोष नसताना

स्क्रीन चालू, पण खोली येत नाही, रेषा तुटक आहे, तर बॅटरी सोडा आणि ट्रान्सड्यूसर बघा. आणि घरी टेबलावर छान चालतं म्हणून निश्चिंत होऊ नका: ट्रान्सड्यूसर न लावता चालू केलेली बरीच यंत्रं सिम्युलेटरवर (खोटं चित्र दाखवणाऱ्या डेमोवर) जातात, सोनारचा खरा लोड पडतच नाही.

पावसाळ्यात नाव वर ओढल्यावर

बंद केलेलं यंत्रसुद्धा थोडा करंट घेत राहतं, तेव्हा थिंबल काढूनच ठेवा. लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरून ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी चार्ज करायची. लिथियम निम्मी-पाऊण भरलेली. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात काळ्या डब्यात दोन्ही नकोत; लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. गेलेली बॅटरी दुकानदार भंगाराच्या भावाने वळती करून घेतो, तेवढे पैसे नवीतून कापून घ्या.