युद्धात संग्रहालय सांभाळणाऱ्यांना मदत पाठवताय? या चुका टाळा

डिसेंबर १९९३. सारायेव्होला वेढा पडून दीड वर्ष उलटून गेलेलं. बोस्नियाचं राष्ट्रीय संग्रहालय ऐन आघाडीवर, इमारतीला जागोजाग भगदाडं. ती झाकायला संयुक्त राष्ट्रांच्या मदतयंत्रणेकडून प्लास्टिकचे कागद मिळावेत म्हणून संचालक रिझो सियारिच खटपट करत होते. त्याच खटपटीत तोफगोळ्याच्या स्फोटात ते गेले.

संग्रहालय मात्र टिकलं. युद्ध संपलं. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये, शांततेच्या काळात, त्याच संग्रहालयाच्या दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. शांतता करारानंतर जी राज्यव्यवस्था उभी राहिली तिच्यात या संस्थेचा खर्च नेमका कोणी उचलायचा हे कुणीच ठरवलं नव्हतं. कर्मचारी बिनपगारी येत राहिले, साफसफाई आणि पहारा करत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये दार पुन्हा उघडलं, तेही 'मीच संग्रहालय' असं म्हणत नागरिक आळीपाळीने ड्युटीवर येऊन बसले तेव्हा.

युद्धकाळातल्या वारशासाठी पैसे गोळा करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी डोक्यात ठेवावी असं मला वाटतं. तोफांनी जे बंद पडलं नाही ते न मिळालेल्या पगाराने बंद पाडलं. पैसे देणाऱ्यांचा हेतू क्वचितच वाईट असतो; घोळ होतो तो पैसे कशाला, कोणाला आणि कोणत्या वाटेने द्यायचे यात.

वस्तूंना पैसे, माणसांना टाळ्या

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

मदतीचा कुठलाही अर्ज उघडून बघा. लाकडी खोकी, आम्लरहित कागद, अग्निशामक, जनरेटर, स्कॅनर या सगळ्याला रकाने असतात. पगाराला नसतो, किंवा असला तर 'प्रशासकीय खर्च' या नावाखाली कोंबलेला असतो, आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. कारण उघड आहे. खोक्याचा फोटो निघतो. कोणीतरी घरभाडं भरलं याचा फोटो काय काढणार?

आता समजा, भांडाराची किल्ली एका बाईकडे आहे. तीन महिने पगार नाही. मुलीची औषधं संपत आलीत, दूरच्या शहरातली बहीण रोज फोन करून बोलावते आहे. ती निघून गेली तर किल्ली दुसऱ्याकडे देता येईल. पण तिसऱ्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर काय आहे, कोणत्या मूर्तीचा हात पूर्वीच सांधलेला आहे, कुठली पेटी आडवी केली की आतलं काचकाम जाईल, हे तिच्याबरोबर जातं. तुमची नवीकोरी खोकी दारात येऊन पडतील आणि ती भरायला कोणी नसेल.

१९५४ च्या हेग कराराच्या पंधराव्या कलमात सांस्कृतिक संपत्ती सांभाळणाऱ्या माणसांचा मान राखावा, ती शत्रूच्या ताब्यात गेली तरी त्यांना काम करू द्यावं, असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण त्यांनी खायचं काय, हे त्या कलमात नाही. तो रकाना देणगीदारालाच भरावा लागतो.

उपाय अवघड नाही. अर्जात सरळ तीन प्रश्न विचारा: माणसं किती, दरमहा किती लागतात, किती महिने. निधीचा पहिला हिस्सा यासाठी बाजूला काढा आणि मग खोक्यांकडे वळा. रशियाने हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या ल्विव्ह शहरात 'टेरिटरी ऑफ टेरर' संग्रहालयाच्या संचालिका ओल्हा होन्चार यांनी 'म्युझियम क्रायसिस सेंटर' सुरू केलं, त्याचा सूर हाच होता. आघाडीजवळच्या संग्रहालयातल्या माणसांना अन्न, औषधं, स्थलांतर यांसाठी छोट्या रकमा, लगेच. रक्कम छोटी असली तरी ती वेळेवर पोचली की माणूस जागेवर टिकतो.

अभ्यासक सापडतो, पहारेकरी सापडत नाही

मदत कोणाला पोचते? ज्याला इंग्रजीत ईमेल लिहिता येतं त्याला. परिषदांना गेलेल्याला, परदेशात ओळखी असलेल्याला. रात्रपाळीचा पहारेकरी, वायरमन, बॉयलरवाला, सफाई करणाऱ्या बायका यादीत येतच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात तिथल्या हर्मिटाज संग्रहालयात मागे राहिलेल्यांनी मुख्यतः काय केलं? फुटलेल्या काचा उचलल्या, वाळू आणि बर्फ उपसलं, छतावर उभं राहून आगीवर नजर ठेवली. विद्वानांनीही तेच केलं. बॉम्ब पडत असताना संग्रहालयात पदनामाला फारसा अर्थ राहत नाही, मग मदत वाटतानाच तो कुठून येतो?

म्हणून नावं मागू नका, हजेरीपट मागा. त्यावरच्या सगळ्यांना सारखी मूळ रक्कम द्या. ज्यांच्यावर जास्त जोखीम आहे त्यांना वर थोडी. एकाला दिलं आणि शेजारच्याला नाही, की ती भिंत युद्ध संपल्यावरही पडत नाही.

'सरकार पगार देतंय ना?' असं गृहीत धरणं

कागदावर देत असतं. युक्रेनच्या कामगार कायद्यात काम ठप्प झालं तर मूळ वेतनाच्या किमान दोन तृतीयांश रक्कम द्यायची तरतूद आहे. शिवाय मार्च २०२२ च्या लष्करी कायद्याच्या काळातल्या नियमांनी नोकरीचा करारच तात्पुरता स्थगित ठेवायची मुभा दिली. म्हणजे माणूस नोकरीत आहे, यादीत आहे, आणि हातात थोडंच किंवा काहीच नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यावर सरकारी पगार महिनोन्‌महिने थांबले. विचारायचा प्रश्न 'पगार चालू आहे का' हा नाही. 'गेल्या महिन्यात खात्यात नेमके किती पडले' हा आहे.

तीन दरपत्रकं आणा

एरवी हा नियम योग्यच. पण जिथे गावातलं एकच दुकान उघडं आहे, तेही दुपारपर्यंत, तिथे तीन दुकानांची दरपत्रकं मागणं म्हणजे 'देणार नाही' असं सभ्य भाषेत सांगणं. (आणि मग तिन्ही दरपत्रकं एकाच माणसाच्या अक्षरात येतात, यात नवल ते काय!)

लवचिक पैसा काय करतो याचं माझं आवडतं उदाहरण मालीतल्या टिंबक्टूचं, जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध शहराचं. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या हाती गेलं तेव्हा तिथली हस्तलिखितं जपणारे अब्देल कादेर हैदारा यांच्यासाठी फोर्ड फाउंडेशनचं १२,००० डॉलरचं अनुदान मंजूर होतं, ऑक्सफर्डला जाऊन इंग्रजी शिकण्यासाठी. त्यांनी विचारलं, हे पैसे हस्तलिखितं हलवायला वापरू का? होकार आला. ट्रंका विकत घेतल्या गेल्या, हस्तलिखितं त्यात भरली गेली. पुढे इतर देणगीदारही आले आणि लाखो हस्तलिखितं राजधानी बामाकोला पोचली. त्या वेळी कोणी 'अनुदानाच्या उद्दिष्टात बदल' असा विषय पुढच्या तिमाही बैठकीपुढे ठेवला असता तर?

हिशेब मागू नका असं मी म्हणत नाही. हिशेबाचा आकार बदला. छोट्या रकमेला एक पान पुरे: किती मिळाले, कशावर गेले, दोन सहकाऱ्यांच्या सह्या. पावती नसेल तर का नाही, हे एका ओळीत. मोठ्या रकमेला हप्ते पाडा. पहिल्याचा हिशेब आला की दुसरा सोडा.

पैसे अडकले? इथे बघा

पाठवलेले पैसे पोचत नाहीत ही रोजची कटकट. कारणं बहुधा ठरलेली.

नावाचं स्पेलिंग. युक्रेनी किंवा अरबी नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिता येतं. पासपोर्टवर एक, बँकेत दुसरं. आधी बँक कार्डावरचं स्पेलिंग जसंच्या तसं मागवा.

संदर्भाची ओळ, म्हणजे पैसे कशासाठी हे बँकेच्या अर्जात लिहायची जागा. तिथे हौसेने 'सीरिया संग्रहालय आणीबाणी मदत' असं लिहिलं की आर्थिक निर्बंध मोडले जात नाहीत ना हे तपासणारी बँकेची यंत्रणा व्यवहार बाजूला काढते, आणि मग आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार. खोटं काही लिहायचं नाही. पण निधीची कागदपत्रं, लाभार्थींची यादी, उद्देश हे सगळं पैसे सुटायच्या आधी आपल्या बँकेला देऊन ठेवा आणि संदर्भात काय लिहायचं ते बँकेलाच विचारा.

मधल्या बँकांचं शुल्क. छोट्या रकमेचा लचका तोडला जातो. दहा जणांना दहा वेळा पाठवण्यापेक्षा त्या देशातल्या विश्वासू संस्थेच्या खात्यात एकदाच पाठवून तिथून स्थानिक चलनात वाटणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

संचालक बेपत्ता किंवा परागंदा. मग खरा कर्मचारी कोण हे सांगणार कोण? शेजारच्या जिल्ह्यातल्या संग्रहालयातला सहकारी, जुनी वेतनयादी, व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व, यातले कुठलेही दोन पुरावे जुळले की पुरे. एकाच माणसाच्या शब्दावर सगळं सोपवू नका, तो कितीही भला असला तरी. त्याला काही झालं तर सगळी यादी त्याच्याबरोबर जाते.

मदतच जिवावर बेतणं

शत्रूच्या ताब्यात गेलेल्या भागात नियम उलटे होतात. तिथे फोनवर आलेला 'रक्कम जमा' असा संदेशही नाक्यावरच्या झडतीत महागात पडू शकतो. तिथल्या माणसाला कधी, कुठल्या वाटेने, किती हवं ते त्यालाच ठरवू द्या. नको म्हणाला तर रक्कम त्याच्या नावाने राखून ठेवा. अर्जात 'सध्या संग्रहालयाचा कारभार कोणाच्या हाती आहे, तुम्ही त्यांच्याकडून वेतन घेता का' असले प्रश्न ईमेलवर विचारू नका. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये शत्रूशी सहकार्य हा फौजदारी गुन्हा केला. तुमच्या निरागस प्रश्नाचं उत्तर उद्या एखाद्या बाजूच्या तपासात कागद म्हणून पुढे येऊ शकतं.

फोटोंचंही तसंच. युक्रेनमधल्या मेलिटोपोलच्या संग्रहालयाने सिथियन सोनं (प्राचीन भटक्या टोळ्यांचे दागिने) पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून तळघरात लपवलं होतं. रशियन सैन्याने संचालिकेला आणि नंतर संग्रहपालिकेला उचलून नेलं, सोनं शोधून काढलं. काबूलमध्ये तिल्या तेपे इथल्या प्राचीन थडग्यांत सापडलेलं सोनं राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यातल्या बँकेच्या तिजोरीत आहे हे मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षं तोंडातून काढलं नाही, म्हणून ते वाचलं. बगदादच्या संग्रहालयातल्या ८,३६६ वस्तूंची गुप्त जागा २००३ मध्ये फक्त पाच अधिकाऱ्यांना माहीत होती, आणि त्यांनी कुराणावर शपथ घेतली होती. अशा माणसांकडून 'आभाराचा छोटा व्हिडिओ' मागायचा? मागे शेल्फ दिसतं, खिडकी दिसते, चेहरा दिसतो. निधीच्या पानावर रक्कम आणि प्रदेश एवढंच पुरे. माणसाचं नाव नको, संग्रहालयाचंही नको.

लूट झाली, आता कसली मदत?

२०२२ च्या शरद ऋतूत माघार घेण्याआधी रशियन सैन्याने युक्रेनमधल्या खेर्सोनच्या कलासंग्रहालयातून दहा हजारांवर कलाकृती ट्रक भरून नेल्या. भिंती रिकाम्या झाल्या म्हणजे कर्मचाऱ्यांचं काम संपलं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या सिम्फेरोपोलमधून, जिथे हा माल नेला होता तिथून, आलेल्या फोटो-व्हिडिओंतले कोपरे मोठे करकरून, वाचवलेल्या नोंदींशी ताडून, एकेक चित्र ओळखण्याचं काम तेव्हा कुठे सुरू झालं. असं काम वर्षं खातं आणि ते करणारी माणसं बऱ्याचदा स्वतःच निर्वासित असतात. मदतीची मुदत इमारतीला नाही, कामाला बांधा.

आणि गेलेल्यांच्या घरच्यांसाठी थोडा वाटा वेगळा ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये युक्रेनमधल्या कुपियान्स्कच्या स्थानिक इतिहास संग्रहालयावर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा आत कामावर माणसं होती. घरातला कमावता हात गेला की पहिल्या आठवड्यात रोख पैसे लागतात, आणि सरकारी भरपाई इतक्या लवकर हलत नाही.

अर्ज करणाऱ्यांच्याही चुका असतात

संग्रहालयातली माणसं वस्तूंच्या नोंदी जिवापाड जपतात आणि स्वतःच्या विसरतात. संग्रहाची सूची जिथे जपली आहे तिथेच नेमणूकपत्र, शेवटची वेतनचिठ्ठी आणि ओळखपत्राचे फोटो ठेवा. कामाची साधी वही घाला, तारीख आणि दोन शब्द: 'खिडक्या बंद केल्या', 'पंपाने पाणी उपसलं'. बिनपगारी महिन्यांचा पुढे दावा करायचा झाला तर ती वही कामाला येते. त्यात लपवलेल्या जागांचा उल्लेख मात्र नको.

देणगीदाराला यंत्रं आवडतात म्हणून पगाराऐवजी कॅमेरा मागू नका. तो येईल आणि तुम्ही उपाशीच राहाल. आणि आकडा लिहा. 'जमेल ती मदत करावी' असं लिहिलेला अर्ज वाचून कोणालाच काही ठरवता येत नाही. 'सहा माणसं, चार महिने, शिवाय जनरेटरचं इंधन' असं लिहिलेल्या अर्जावर त्याच दिवशी सही होऊ शकते.