थिसिस लिहायला शांत जागा आणि वेळ कशी ठरवायची (पुण्यातल्यांसाठी)

घरी लिखाण होत नाही म्हटल्यावर बरेच जण आधी अभ्यासिका गाठतात. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत भरपूर आहेत, महिन्याची फी भरली की टेबल मिळतं, पण पैसे द्यायच्या आधी तुम्ही ज्या वेळी बसणार त्याच वेळी जाऊन तासभर बसून बघा, सकाळी दहाला शांत असलेली खोली संध्याकाळी सातला तशी असेलच असं नाही. आणि तिथली बहुतेक मुलं एमपीएससी-यूपीएससीवाली, त्यांचं काम वाचायचं नि आपलं टाइप करायचं, एवढ्या शांततेत कीबोर्ड फार वाजतो आणि त्यांना खरंच त्रास होतो. लॅपटॉप चालतो का, प्लग कुठंय, आधीच विचारून घ्या.

माझं मत असं झालंय की वाचायची जागा वेगळी आणि लिहायची वेगळी ठेवावी. वाचायला विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय, किंवा विषय संस्कृत, प्राच्यविद्येचा असेल तर लॉ कॉलेज रोडवरची भांडारकर संस्था, १९१७ पासूनची. पण तिथंच लिहायला घेतलं की अजून एक संदर्भ बघू, अजून एक बघू असं करत संध्याकाळ होते आणि पान कोरंच राहतं. लिहायला घरातला एखादा कोपरा पुरतो, टेबल भिंतीला लावलेलं, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

वेळ मी पहाटे ५ ते ७ ठेवलीये, कारण सातनंतर पाणी, डबे, कुकर सगळं एकदम सुरू होतं. तुमची वेगळी असेल, पण रोज तीच ठेवा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की या दोन तासांत हाक मारायची नाही. घरातली बाई लिहीत असेल तर हे सांगणं फारच गरजेचं आहे, तिला जरा मोकळी दिसली की सगळे हाका मारतात, आणि तिचे ते दोन तास घरातल्या सगळ्यांनी मिळून जपायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

शोधगंगावरचे (भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंध आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे पहाटे नेट बंद ठेवता येतं. लिहिताना संदर्भ आठवला नाही तर तिथं तीन फुल्या मारा आणि पुढं चला, दुपारी शोधा. उठताना उद्याचा परिच्छेद कशावर ते एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा पहिला अर्धा तास आठवण्यातच जातो.

संध्याकाळी लिहिणारे असाल तर गणपतीच्या आधीचे आठवडे धरूनच प्लॅन करा. नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की जवळपास राहणाऱ्यांना नवं प्रकरण काही सुचत नाही. तेव्हा तळटीपा, तक्ते, संदर्भसूची काढा, ती कामं आवाजातही होतात.