फ्लशिंगच्या डंपलिंग-नूडलवाल्या हॉटेलात नीट कसं जेवायचं

न्यूयॉर्कात राहणारी किंवा पोरांकडे आलेली मराठी माणसं कधी ना कधी फ्लशिंगच्या गणपतीला जातातच, बाउन स्ट्रीटवरचं १९७७ पासूनचं देऊळ, दर्शन झालं की खाली कॅन्टीनमध्ये डोसा खायचा आणि परत. पण तिथून सेव्हन ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनाकडे, म्हणजे मेन स्ट्रीटकडे, वीसेक मिनिटं चालत गेलात की सगळीकडे चिनी पाट्या दिसायला लागतात आणि काही दुकानांत काचेआड कणीक लाटत बसलेली माणसंपण. तिथे आत शिरायचं कसं, मागवायचं काय आणि खायचं कसं, तेवढंच सांगतो. (संकष्टी असेल तर उद्या जा.)

एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, हे खाणं तुमच्यासाठी थांबत नाही. डंपलिंग (कणकेच्या पारीत सारण भरून वाफवलेली किंवा उकडलेली) गार झाली की वरची पारी चिवट होते, नूडल रश्शात पडून राहिल्या की फुगतात. सगळं टेबलावर येऊदे मग सुरू करू, फोटो काढू, ही आपली सवय इथे चालत नाही. थोडं मागवा, आलं की लगेच खा, मग परत मागवा.

पायरी १: आत जाताना

तीन-चार जण मिळून गेलात तर बेस्ट, एकट्याला एक डिश संपवतानाच पोट भरतं. शनिवार-रविवार दुपारी गर्दी असते, दारात नंबर घ्या आणि हाक मारेपर्यंत तिथेच उभे रहा, चक्कर मारायला गेलात की नंबर गेला. अनोळखी लोकांसोबत एकाच टेबलावर बसवलं तर वाईट वाटून घेऊ नका, तशीच पद्धत आहे. काचेवर ए, बी, सी असं कार्ड दिसेल, ती शहराची स्वच्छतेची ग्रेड, २०१० पासून लावतात. चवीची ग्रेड नाही ती, हे मात्र लक्षात असूद्या.

पायरी २: काय चालतं नि काय नाही हे आधीच ठरवा

इथे बहुतेक सारणात पोर्क असतं. मेन्यूवर नुसतं मीट लिहिलं असेल तर तेही पोर्कच समजा. नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, 'बू याओ जू रोउ' म्हणजे पोर्क नको, उच्चार जमला नाही तर फोनवर भाषांतर करून दाखवा, सगळे तेच करतात आणि कोणी हसत नाही.

शाकाहारींचं जरा किचकट आहे. अंडं चालत असेल तर अंडं आणि चायनीज पात (लसणाच्या वासाची, चपट्या पानांची) घातलेली डंपलिंग मस्त लागतात, टोमॅटो-अंड्याचीपण मिळतात, पण त्यांत कधीकधी बारीक सुकट घालतात, जवळ्यासारखी, तेव्हा विचारून घ्या. व्हेजिटेबल नूडल सूप म्हटलं तरी पाणी हाडांचं असू शकतं, वर भाज्या तरंगतायत म्हणून फसू नका. आणि भांडी, उकळायचं पाणी, तवा सगळं वेगळं पाहिजे असेल तर मग देवळाचं कॅन्टीनच बरं, उगाच प्रत्येक घासाला शंका काढत जेवण्यात काय मजा.

मंचुरियन आणि ट्रिपल शेजवान इथे मागू नका, ते आपल्याकडचं.

पायरी ३: ऑर्डर

पुष्कळ ठिकाणी कागदाची लांब चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवलेली असते, पाहिजे त्यापुढे आकडा लिहायचा. चौघांना सुरुवातीला एवढं पुरे: सूपवाल्या डंपलिंगचा एक करंडा (श्याओलोंगबाओ म्हणतात, साधारण सहा किंवा आठ येतात), तव्यावर खालून कुरकुरीत केलेल्या डंपलिंगची एक प्लेट, एक रश्शाची नूडल, एक कोरडी नूडल आणि ठेचलेल्या काकडीची लसूण घातलेली कोशिंबीर. काकडी विसरू नका, तेलकट-तिखटाच्या मधे तीच तोंड साफ करते.

पायरी ४: वाटीतलं कालवण

टेबलावर दोन काळ्या बाटल्या दिसतील, एक सोया सॉस आणि एक काळं व्हिनेगर, लांबून सारख्याच दिसतात म्हणून आधी वास घ्या. चांगलं व्हिनेगर म्हणजे चीनमधल्या जनजियांग शहराचं, चिकट तांदळापासून आंबवलेलं, आंबट पण जरासं गोडसर. डंपलिंगला व्हिनेगर जास्त आणि सोया नावाला. शेजारी आल्याचे बारीक लांब तुकडे दिले तर ते सूपवाल्या डंपलिंगसाठी असतात. मिरचीच्या तेलाच्या बरणीत चमचा तळापर्यंत घाला, खरा माल खाली बसलेला असतो.

पायरी ५: सूपवाली डंपलिंग

इथे सगळ्यांचं तोंड भाजतं. आत सूप भरतात कसं तर भरतच नाहीत, डुकराच्या कातडीचा रस्सा आटवून गार करतात, त्याची जेली होते, ती चिरून सारणात मिसळतात आणि वाफवताना ती परत पातळ होते. (म्हणून चिकनवाली मिळाली तरी जेली कशाची आहे ते विचारा.) हा प्रकार शांघायजवळच्या नानशियांग गावचा, तैपेईच्या डिन ताई फुंग या हॉटेलाने जगभर नेला, तिथे एकेका डंपलिंगला १८ चुण्या घालतात.

करंडा आला की मिनिटभर थांबा. मग वरची शेंडी चॉपस्टिकने हलकेच धरून आधी खालची बाजू करंड्यात घातलेल्या पानापासून सुटलीय ना बघा, ओढलंत तर बूड फाटतं आणि सूप करंड्यात जातं. सुटली की अलगद चमच्यात घ्या, बाजूला दाताने छोटं भोक पाडा, वाफ जाऊद्या, सूप ओढून प्या, मग दोन थेंब व्हिनेगर, आल्याचा तुकडा, आणि उरलेलं एका घासात. अख्खी तोंडात टाकायची शर्यत लावू नका. चॉपस्टिक जमत नसेल तर सरळ चमच्याने खा, फक्त भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते मेलेल्यांपुढे उदबत्ती लावल्यासारखं दिसतं त्यांना.

पायरी ६: नूडल

चीनमधल्या लान्झोउ शहराची हाताने ओढलेली नूडल रश्शाची आणि बीफची, तिथल्या हुई मुसलमानांची परंपरा, त्यामुळे अस्सल दुकानात पोर्क नसतंच. पातळ, जाड, चपटी अशी नूडल सांगता येते, नूडल ओढणारा माणूस दिसत असेल तर त्याच्यासमोरचं टेबल पकडा. बीफ चालत नसेल तर शिआनच्या पट्ट्याएवढ्या रुंद नूडल घ्या, जिरं आणि मिरची लावलेल्या लॅम्बच्या. शिआन म्हणजे रेशीम मार्गाचं टोक, त्यामुळे जिरं तिथे पोचलं आणि राहिलं, आपल्या जिभेला हे सगळ्यात लवकर पटतं. शिआन फेमस फूड्स ही हॉटेलांची साखळी, जी आता न्यूयॉर्कभर आहे, ती २००५ मध्ये इथल्याच एका बाजाराच्या तळघरात सुरू झाली.

शाकाहारींनी लियांगपी शोधा. कणीक पाण्यात धुवून धुवून सत्त्व काढतात, अगदी कुरडईसाठी आपण गव्हाचा चीक काढतो तसं, ते ताटलीत पातळ पसरून वाफवायचं आणि पट्ट्या कापायच्या. धुवून उरलेला चिवट गोळापण फेकत नाहीत, वाफवून त्याचे स्पंजसारखे तुकडे वर घालतात. गार देतात, व्हिनेगर, लसूण, मिरचीचं तेल, काकडी. उन्हाळ्यात याच्यापुढे काही नाही.

सेचुआनचं काही मागवलंत तर जीभ बधिर होईल, घाबरू नका, ती त्यांची मिरी, आपल्या तिरफळाच्याच कुळातली, कोकण-गोव्याकडच्या लोकांना बांगड्याच्या आमटीत भेटलेली असते. कोरडी नूडल आली की खालचा मसाला लगेच ढवळा. आवाज करत ओढून खाल्लं तरी चालतं.

पायरी ७: बिल

बिल कधीकधी काउंटरवर द्यायचं असतं आणि लहान दुकानांत फक्त कॅश, तेव्हा वीस-चाळीस डॉलर खिशात असूद्या. चहा बऱ्याचदा फुकट असतो. टेबलावर आणून दिलं असेल तर टिप १५ ते २० टक्के, हिशोबाची सोपी युक्ती म्हणजे न्यूयॉर्कचा टॅक्स ८.८७५ टक्के, त्याची दुप्पट करा, झालं.

पार्सल पाहिजे तर 'दा बाओ' म्हणा. तव्यावरची डंपलिंग दुसऱ्या दिवशी परत तव्यावर छान होतात, सूपवाली मात्र एकमेकांना चिकटून फाटतात, ती तिथेच संपवा. जाताना फ्रोजन डंपलिंगची पिशवी मिळाली तर घ्या, पण घरी पोचेपर्यंत वितळू देऊ नका. करताना गोठलेलीच उकळत्या पाण्यात सोडायची, चिकटू नयेत म्हणून हलकं ढवळायचं, पाणी वर आलं की अर्धी वाटी गार पाणी, परत वर आलं की परत, असं तीनदा, मग तरंगणारी झाऱ्याने काढायची.