राउटरची सेटिंग कानांनी: लिंक्स आणि एक केबल

राउटरच्या पानावर रंगीत टॅब आणि आपोआप उघडणाऱ्या चौकटी असतात, पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यांत अडखळतो. टेक्स्ट ब्राउझर तेच पान ओळीखाली ओळ असं मांडतो. या कामाला लिंक्स बरा, पण नावाचा घोळ आधी मिटवा: हवा तो एल-वाय-एन-एक्स. एल-आय-एन-के-एस हा वेगळा ब्राउझर आहे. तो कोष्टकातले रकाने शेजारीशेजारी ठेवतो, मग कोणतं लेबल कोणत्या चौकटीचं हे कानाला कळत नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू हे लिनक्स घ्या आणि त्यात एपीटी या आज्ञेने लिंक्स बसवा.

सगळं काम लॅन केबलवरून करा. वायफायवरून वायफायचं नाव बदललंत की बसल्या जागी जोडणी तुटते. राउटरच्या पाठीवरून बोट फिरवा. लॅनची केबल 'टक्' करून बसते, तिच्या टोकाला दाबायची पट्टी लागते. फायबरची वायर त्याहून बारीक, टोकाला चौकोनी प्लास्टिक. ती काढू नका, दुमडू नका. बारीक भोकात लपलेला रीसेट तर विसरूनच जा. कंपनीने दिलेल्या डब्यावर तो दाबला की पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला जोडणाऱ्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (त्याच जोडणीच्या वाटेचा) आकडाही पुसला जाऊ शकतो, मग माणूस येईपर्यंत नेट बंद. इंदुरात जोडणीला येणारा भैया हिंदीतच बोलतो, तेव्हा तो घरात असतानाच सांगा: 'भैया, पीपीपीओई का यूज़रनेम-पासवर्ड और वीलैन नंबर बोल दो, टाइप करना है. नीचे का स्टिकर भी पढ़ दो.'

राउटरचा पत्ता विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग देऊन काढा, डिफॉल्ट गेटवे ही ओळ बघा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ निघतो. डब्ल्यूएसएलच्या आत विचारलंत तर अनेकदा १७२ ने सुरू होणारा पत्ता ऐकू येतो. तो विंडोजच्या आभासी जाळ्याचा, राउटरचा नव्हे. पत्ता टाइप करताना कळफलक इंग्रजीवर असू द्या, देवनागरी आकडे चालत नाहीत.

लिंक्समध्ये शिरल्यावर ओ दाबून चार गोष्टी बदला. शो कर्सर ऑन करा, नाहीतर तुम्ही दुव्यावर असता आणि स्क्रीन रीडर दुसरीच ओळ वाचतो. यूजर मोड ॲडव्हान्स्ड करा, म्हणजे तळाच्या मदतीच्या ओळी दर वेळी कानावर आदळत नाहीत. दुवे आणि भरायच्या चौकटी दोन्हींना क्रमांक द्या. वरच्या 'सेव्ह ऑप्शन्स टू डिस्क'वर खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच. शिवाय स्क्रीन रीडरची विरामचिन्हांची पातळी पूर्ण ठेवा: चौकोनी कंसात एक्स म्हणजे खूण आहे, रिकामा कंस म्हणजे नाही. विरामचिन्हं मुकी असतील तर रिकामा कंस ऐकूच येत नाही.

जी दाबून पत्ता द्या. प्रमाणपत्राची तक्रार आली तर घरच्या राउटरपुरतं वाय, कुकी विचारली तर ए. जुन्या मॉडेलवर 'फ्रेम' नावाचे दोन-तीन दुवे येतील. मेनूचा वेगळा, मजकुराचा वेगळा. वायफायच्या नावाच्या चौकटीत जुनं नाव असतंच. कंट्रोल-यू ने ते पुसल्याशिवाय टाइप केलंत तर 'घर' आणि 'रामबाग' मिळून 'घररामबाग' असं एकच नाव होतं. आधी ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या पानात शिरायचा पासवर्ड बदला, मग वायफायचा. तो ८ ते ६३ अक्षरांचा हवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. ॲप्लाय झाल्यावर तेच पान पुन्हा उघडून वाचा. काही पानांत लपलेल्या चौकटी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा पानाचा प्रोग्राम) भरतं आणि लिंक्सकडे जावास्क्रिप्ट नाही, त्यामुळे एखादी सेटिंग रिकामी जतन झालेली असू शकते. जाताना लॉगआउट करा. बरेच राउटर एका वेळी एकालाच आत घेतात, आणि नुसता ब्राउझर बंद केलात तर मुदत संपेपर्यंत तुम्हीच बाहेर.

बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिनचंच पान परत येत असेल तर बहुधा पासवर्ड जावास्क्रिप्टने गुंडाळून पाठवला जातो. पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, दार काही वेळ बंद होतं. तिथे फायरफॉक्स आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरा. लॉगिनला चित्रातले आकडे असतील तर एनव्हीडीए-आर ने ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) करून पाहा, जमेलच असं नाही.

कायमचा उपाय हवा असेल तर कंपनीच्या डब्यामागे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली) चालणारा स्वतःचा राउटर लावा. इंदुरातल्या सिल्व्हर मॉलला राउटर घ्यायला जाण्याआधी मॉडेलचा हार्डवेअर व्हर्जन ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तपासा, कारण एकाच नावाच्या मॉडेलचा एक व्हर्जन चालतो आणि पुढचा नाही. ओपनडब्ल्यूआरटीचं वेबपान १९.०७ या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टवरच उभं आहे, म्हणून लिंक्स बाजूला ठेवून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात आज्ञा टाइप करायची सोय) रूट, म्हणजे मुख्य वापरकर्ता म्हणून आत जा आणि यूसीआयच्या, म्हणजे सेटिंग बदलायच्या आज्ञा वापरा: सेट, मग कमिट, मग वायफाय रीलोड. एखादी सेटिंग विचारली की उत्तर एका ओळीत ऐकू येतं. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नव्याचा लॅन पत्ता आधी १९२.१६८.२.१ करा, नाहीतर दिवे लागतात आणि नेट येत नाही. दिव्यांची वाट बघण्यापेक्षा पिंग (राउटरला सतत हाक मारणारी आज्ञा) चालू ठेवा. राउटर परत उठला की उत्तरं सुरू होतात.