लॉन वाळायलंय? युरिया टाकायच्या आधी माती उकरून बघा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, जिकडं बघाल तिकडं बंगल्यापुढं लॉन आलंय आणि सगळ्यांची तक्रार एकच, पिवळं पडायलंय, काय टाकू? मग कुणीतरी युरिया सांगतं, कुणी पाइप सोडून द्या म्हणतं, तेही आपल्याकडं जिथं नळाला रोज पाणी नाही तिथं! आधी कारण शोधा राव.

महिना कुठला आहे ते बघा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला असताना सगळं लॉन सारखंच तपकिरी झालं तर घाबरू नका, हरळीच्या जातीचं गवत बहुतेक वेळा मेलेलं नसतं, काडी नखानं खरवडा, आत ओलसर हिरवट दिसलं की ते पावसावर उठणार. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, चांगला पाऊस झाल्यावरही मधेच चट्टे वाळत असतील तर हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा, मुळं खाल्लेली असतील तर सतरंजीसारखं उचलून येतं. तिथंच फूटभर चौकोन चार बोटं खोल उकरा, मळकट पांढरी, तांबूस डोक्याची, अंग वळवून पडलेली जाड अळी दिसेल. एखाद-दुसरी असली तर सोडून द्या. पाच-सहा निघाल्या तर मात्र हात हलवा.

आपल्याकडच्या ऊसवाल्यांना ही चांगलीच माहीत आहे, त्यांच्याकडचाच उपाय इथं चालतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर अंधार पडायच्या सुमारास भुंगेरे, म्हणजे याच अळीचे मोठे झालेले किडे, कडुलिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, तेव्हा खाली चादर अंथरून फांदी हलवायची आणि पडलेले साबणाच्या पाण्यात टाकायचे. भुंगेरेच गेले की अंडी कुठली घालणार? त्यातून सुटलेल्यांसाठी जुलैमध्ये, अळी बारीक असतानाच, कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम आणा, पाकिटावरच्या प्रमाणात, संध्याकाळी, ओल्या मातीत द्या. ही जिवंत बुरशी असते, त्यामुळं त्याच आठवड्यात बुरशीनाशक मारू नका, सगळं वाया जाईल. ऑक्टोबरात अळी बोटाएवढी झाली की औषध फारसं लागू पडत नाही, उकरून वेचा, उरलेलं साळुंक्या बघतील.

पानंच कुरतडलेली दिसली, मुळं शाबूत, तर लष्करी अळी असेल. बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड घालून चट्ट्यावर ओता, पाच-दहा मिनिटांत अळ्या वर येतात. निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. वाळवी असली तर मातीचे बोगदे दिसतात, वाळकं गवत साठू देऊ नका, निम्मं काम तिथंच होतं.

आता दुरुस्ती. मेलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढा. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात चिकट होऊन बसते, तिला हवा पाहिजे, म्हणून पहारीनं वीतवीतभर अंतरावर भोकं पाडा, त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत भरा. कुजलेलंच हं! कच्च्या खतातून हुमणी स्वतःच्या पैशानं घरात आणल्यासारखं होतं, ट्रॉलीवाला कितीही चांगलं म्हणू दे, हातात घेऊन बघा, शेणाचा वास येत असेल तर परत पाठवा.

मग लॉनच्याच हिरव्या भागातून हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या तोडून तीन-चार इंचांवर खोचा, पायानं दाबा. जून-जुलै बेस्ट. पहिले पंधरा दिवस माती ओली ठेवा, पुढं रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पहाटे भरपूर द्या. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर येत असेल तर पावसाळ्यात नळ बंदच ठेवा, पावसानं क्षार धुवून जाऊ द्यात. युरिया नवी पानं फुटल्यावरच, 100 चौरस मीटरला किलोभर, आणि लगेच पाणी, नाहीतर पानं करपतात. कटिंग करताना एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची काढू नका, उन्हाळ्यात तर दोन इंच राहू द्या. मधे लव्हाळा उगवला तर नुसता उपटून चालत नाही, खालची गाठ राहिली की परत फुटतो, खुरप्यानं गाठीसकट काढा.