रानात प्लॉट पाडण्याआधी

सोलापुरातनं अक्कलकोट रोडनं कुंभारीकडं जा, नाहीतर होटगी, बार्शी रोडला. बांधाबांधावर 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड दिसतात. वडिलोपार्जित रानात तुमच्याही मनात तेच असेल, तर आर्किटेक्टकडं जाण्याआधी डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. नावं आणि क्षेत्र बघून कागदाची घडी घालू नका, 'इतर हक्क' रकाना वाचा. फिटलेल्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथंच सापडतं. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलं असेल, तर ती परवानगी मिळेपर्यंत इसारसुद्धा घेऊ नका.

मग फेरफार धरून मागं जात आजोबांच्या नावापर्यंत पोचा. जुन्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. वारसनोंदीत आत्या आणि बहिणी आहेत का, हे सगळ्यात नीट बघा. 'ताईनं सोडलंय की' एवढ्यावर कुणाचा हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी झाली. पण मला विचाराल, तर बहिणीकडं सही मागायला जाऊच नका. लेआउटचा कच्चा नकाशा तिच्यापुढं ठेवा आणि तिच्या वाट्याचे प्लॉट तिलाच दाखवू द्या. रान तिचंही आहे.

सरकारी मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर थांबा, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटिसा पोचल्यात याची आधी खात्री करा. बांधावरची बाभळ कुणाच्या हद्दीत, हे तिथंच मिटू द्या, आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आल्याशिवाय कुंपण घालू नका. येण्याजाण्याचा रस्ता नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या भल्या मनावर चाललाय? हा प्रश्न टाळला की पुढं प्लॉट घेणारा अडकतो.

जमीन शेतीच्या झोनमध्ये येते की रहिवासी, हे सांगणारा झोन दाखला घ्या. नान्नज, मार्डीकडं माळढोक अभयारण्याचे निर्बंध, होटगी रोडला विमानतळामुळं उंचीची मर्यादा, आणि सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी, तिन्ही तपासा.

बोअरचं पाणी मे महिन्यात बघा, पावसाळ्यात नव्हे. काळं रान असेल तर खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरच्या पायावरच्या भिंती तडकतात.

हिशेब मांडताना सगळे 40 गुंठे विकायचे धरू नका. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे एकरातले चार गुंठे तिथंच गेले; अंतर्गत रस्ते वेगळे. क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही. विकासकानं घाईनं कुलमुखत्यारपत्र पुढं केलं, तर विकसन करार आपल्या वकिलानं वाचेपर्यंत सही थांबवा.