लॉन खरवडायचं कधी? मनोरमागंजातल्या एका नोव्हेंबरची गोष्ट

इंदुरात बागांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे बीएस्सी अ‍ॅग्रीची पदवी होती आणि लॉनबद्दलचं ज्ञान सगळं विलायती पुस्तकांतलं. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी माझी फजितीच सांगते.

मनोरमागंजात एका जुन्या मराठी बंगल्याचं लॉन आमच्याकडे होतं. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. हरळीचं, दहा-बारा वर्षांचं. वरून हिरवंगार, पण पाय ठेवला की गादीसारखं दबायचं. पाणी दिलं की मुरायच्या ऐवजी फाटकाकडे पळायचं. खुरप्याने तळहाताएवढा त्रिकोणी तुकडा कापून उचलला. वर पाती, खाली आपली काळी माती, आणि दोन्हींच्या मध्ये चांगला इंचभर तपकिरी थर, नारळाच्या काथ्यासारखा. हा थॅच. मुळं मातीत उतरायची सोडून त्या काथ्यातच गुरफटून बसली होती. अर्ध्या इंचापर्यंत तो असला तर बिघडत नाही, उलट ओल टिकते. त्याहून वाढला की पाणी आणि खत वरच अडकतं, बुरशीला घर मिळतं.

बरेच जण म्हणतात की मोवरने कापून खाली पडलेल्या गवतामुळे थॅच होतो. तसं नाही. ती पाती पाणीदार असतात, लवकर कुजतात. थॅच बनतो तो मेलेल्या चिवट काड्या आणि मुळांचा. भरमसाट युरिया आणि रोजच्या रोज पाणी दिलं की कुजण्याच्या वेगाला वाढ मागे टाकते. काकूंच्या लॉनला दोन्ही लाड भरपूर मिळालेले.

उपाय म्हणजे स्कॅरिफाय करणं, सरळ भाषेत खरवडणं. उभी पाती असलेलं यंत्र थर कापून वर ओढतं. लहान जागेत लोखंडी दंताळंही चालतं. पुस्तकात लिहिलं होतं, शरद ऋतूत करा. मी दिवाळी उरकताच, नोव्हेंबरात यंत्र लावलं आणि पाती सगळ्यात खाली घेतली. आमचे माळीदादा एवढंच म्हणाले, "मॅडम, घास अब सोने जा रही है, अभी मत छेड़ो।" मी ऐकलं नाही.

पुस्तक चुकीचं नव्हतं. तिकडची फेस्क्यू, राय ही गवतं थंडाव्यात जोमाने वाढतात, म्हणून शरदात खरवडलं तर लगेच भरून येतात. आपली हरळी उन्हाळ्या-पावसाळ्याची. माळव्याच्या थंडीत ती जवळजवळ थांबते. जखम केली, पण ती भरून काढायला गवत जागंच नव्हतं. संक्रांतीचं हळदीकुंकू काकूंनी त्याच लॉनवर ठरवलं होतं. अंगण झालेल्या त्या जमिनीवर सतरंज्या अंथरताना म्हणाल्या, "अगं, शाळेच्या मैदानावर बोलावल्यासारखं वाटतंय बायकांना." मी वाणाचं ताट उचलून आत पळाले.

पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी, पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर केलं. आदल्या आठवड्यात दोनदा कापून गवत उतरवत आणलं. काळी माती चिखल झाली तर यंत्राची चाकं रुततात आणि जमीन दबते, अगदी कोरडी असेल तर ढेपाळं निघतात. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढीच ओल हवी. पाती फक्त मातीला टेकतील इतपत ठेवली. एक फेरी उभी, दुसरी आडवी. अठरा पोती काड्या निघाल्या! खरवडून झाल्यावर लॉन भयाण दिसतं, तेव्हा घाबरायचं नाही, पण मालकांना आधीच सांगून ठेवायचं. वर चाळलेलं कंपोस्ट आणि थोडी वाळू पातळ पसरली, आठवड्याने चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास युरिया देऊन पाणी मारलं. तीन आठवड्यांत जमीन झाकली गेली.

हेच सगळ्या गवतांना लावू नका. हरळीच्या कांड्या जमिनीखालीही असतात, म्हणून ती सोसते. सेंट ऑगस्टिन गवताला फक्त वरची धावती खोडं. ती कापली की कारभार आटोपला. झोयसिया सोसते, पण सावकाश भरते. आणि खरवडणं म्हणजे भोकं पाडणं नव्हे. घट्ट बसलेल्या मातीला काट्याने टोचण्याचं काम वेगळं आहे. ठेकेदार दोन्ही एकाच बिलात घालतात, ते तपासत जा.

निघालेल्या काड्या टाकायच्या कुठे? इंदुरात हा प्रश्न विचारायलाच नको. १९२४ साली इथे सुरू झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, माती आणि राखेचे थर देऊन कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. आम्ही बंगल्यामागे तसाच ढीग रचला, अधूनमधून उलटला. तीन महिन्यांनी उकरला तेव्हा आत काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. ढिगाच्या कडेला मात्र, जिथे उष्णता पोचली नव्हती, हरळी पुन्हा फुटली होती. माळीदादांनी ती उपटली, पिचकारीने ओली केली आणि लॉनमध्ये उरलेल्या एकुलत्या टकलावर लावून टाकली.